छातीवरील फिती वाचायला शिकू या

(पिंपरी-चिंचवड परिसरात माजी सैनिकांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



चापेकर बंधूंच्या चिंचवडला हौतात्म्य म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. चाकणच्या संग्रामदुर्गाला पराक्रम शिकवावा लागत नाही. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर मावळ्यांनिशी शाएस्ताखानाच्या अफाट फौजेला सुमारे दोन महिने झुंजवले. अखेर गड पडला. पण महाराजांनी फिरंगोजींना दोष दिला नाही, त्यांचा गौरवच केला. सन्मान केवळ विजयाचा नसतो, निष्ठेने पार पाडलेल्या कर्तव्याचाही असतो, ही दृष्टी याच मातीतली आहे. आज तीच दृष्टी आपल्या दैनंदिन व्यवहारात तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या आणि गृहसंकुलांच्या फाटकांवर कितीतरी माजी सैनिक सुरक्षारक्षक म्हणून उभे असतात. वर्षभर त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. २६ जानेवारीला मात्र असा एखादा सैनिक जुनी पदके छातीवर लावून ध्वजवंदनाला येतो. मुले भोवती जमतात. एखादा विचारतो, "काका, हे कोणत्या लढाईत मिळाले? तुम्ही किती शत्रू मारले?" तो सरळपणे सांगतो, "बाळा, हे लढाईचे नाही, सेवेचे आहे." आणि मुलाचा चेहरा उतरतो. दोष त्या मुलाचा नाही. चित्रपटांनी आणि आपणच त्याला शौर्याची एकच व्याख्या शिकवली आहे.

हिंदनगरची कसोटी

ही व्याख्या किती अपुरी आहे, हे कोल्हापूरच्या मातीतील एका सेनानीने दाखवून दिले. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे रणांगण न पाहिलेले अधिकारी नव्हते. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत त्यांच्या पलटणीने पराक्रम गाजवला आणि त्यांना डीएसओ हा सन्मान मिळाला. आठ वर्षांनी, १९५३ मध्ये, मेजर जनरल थोरात कोरियात गेले ते एका वेगळ्याच जबाबदारीवर. कोरियन युद्ध थांबले होते. पण मायदेशी परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी कोणाच्या ताब्यात द्यायचे, हा पेच होता. दोन्ही बाजूंना मान्य झाला तो भारत. जनरल थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले आणि कैद्यांची जबाबदारी घेणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व थोरातांकडे आले. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. त्यांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. तेथे उभ्या राहिलेल्या छावणीचे नाव होते 'हिंदनगर'.

सप्टेंबर अखेरीस कम्युनिस्टविरोधी चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेऊन ओलीस धरले. बाहेर जवान बंदुका रोखून उभे. एक हुकूम सुटता तर आतल्या अधिकाऱ्याचा आणि कितीतरी कैद्यांचा बळी गेला असता. थोरातांनी तो हुकूम दिला नाही. मोजक्या सहकाऱ्यांसह ते स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले. जीव धोक्यात असताना त्यांनी कैद्यांच्या स्वाभिमानाला हात घातला. चिनी माणूस आतिथ्यशील असतो असे ऐकले होते, मग पाहुण्याला चहासुद्धा कसा विचारला नाही, अशा अर्थाचे काही ते बोलले. चहा आला, सिगारेटी आल्या, वातावरण निवळले आणि मेजर ग्रेवाल सुखरूप बाहेर आले.

कोरियातील या कामगिरीबद्दल थोरातांना 'अशोक चक्र, वर्ग दोन' हा सन्मान मिळाला. आज आपण त्यालाच 'कीर्ति चक्र' म्हणतो. एकाच छातीवर दोन पदके: एक शत्रूशी लढल्याचे, दुसरे हाताशी शस्त्र असून ते न चालवल्याचे. यांतले कोणते थोर, हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्हींच्या मागे मनगट एकच होते, आणि दुबळ्याच्या संयमाला कोणी पदक देत नाही.

निळ्या फितीची किंमत

शांतिसेवा म्हणजे सुरक्षित नोकरी, असा एक गैरसमज आहे. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतील एलिझाबेथव्हिल येथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी अवघ्या सोळा गुरख्यांसह सुमारे नव्वद सशस्त्र बंडखोरांवर चाल केली आणि तेथेच देह ठेवला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत परमवीर चक्र मिळवणारे ते एकमेव वीर. १९९२ मध्ये युगोस्लाव्हिया पेटला, तेव्हा तेथील शांतिसेनेचे पहिले सेनापती म्हणून निवड झाली ती मराठा लाइट इन्फंट्रीच्या लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांची. त्यांच्या छातीवर १९७१ चे वीर चक्र आधीच होते.

शांतिमोहिमेतील सेवेबद्दल मिळणाऱ्या पदकाच्या मागील बाजूस 'शांततेच्या सेवेत' अशा अर्थाचे शब्द कोरलेले असतात. मोहिमेत धारातीर्थी पडलेल्यांसाठी १९९७ मध्ये डाग हॅमरशोल्ड पदक सुरू झाले. अंडाकृती स्फटिकावर कोरलेले ते नाव घरातल्या माणसांच्या हाती सोपवले जाते. सुमारे १८० भारतीयांनी निळ्या टोपीखाली प्राण वेचले. इतके बलिदान दुसऱ्या कोणत्याही देशाचे नाही. तरीही सुरक्षा परिषदेत या देशाला स्थायी स्थान नाही, ही विसंगती जगाने कधीतरी दूर केली पाहिजे. पण जग आपल्या जवानांची किंमत ओळखत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी, आपण ती आपल्या गल्लीत ओळखतो का, हेही विचारले पाहिजे.

शत्रू नसलेल्या लढाया

अशा लढाया आपल्या अंगणातही झाल्या आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. त्याआधी रात्रभर जवान खचत्या बांधावर वाळूची पोती रचत होते. धरण भर रात्री न फुटता सकाळी फुटले, म्हणून पुण्यातील हजारो जीव वाचले. समोर शत्रू नव्हता. होते ते पाणी आणि अंधार. आपल्या दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात घडणारा सैनिक पूल बांधतो, सुरुंग निकामी करतो. वानवडीच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून निघणारा डॉक्टर 'सर्वे सन्तु निरामयाः' हे ब्रीद घेऊन जातो. याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी आणि पुढे अधिष्ठाता झालेल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांनी बालकांच्या मूत्रपिंडविकारांवर आयुष्य वेचले. परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट अशी तिन्ही सेवा पदके त्यांना लाभली.

ही पदके २६ जानेवारी १९६० रोजी स्थापन झाली. १९६७ मध्ये त्यांना आजची नावे मिळाली. सोनेरी फितीवर एक गडद निळी रेघ असेल तर परम विशिष्ट, दोन असतील तर अति विशिष्ट, तीन असतील तर विशिष्ट सेवा. साध्या जवानाच्या वाट्याला बहुधा याहून साधी पदके येतात: नऊ, वीस वा तीस वर्षांच्या सेवेचे, अतिउंच प्रदेशातील सेवेचे, सियाचीनचे. त्यांतल्या प्रत्येक फितीमागे एकटीने वाढवलेली मुले असतात, हुकलेली दिवाळी असते, आईच्या अंत्यदर्शनालाही न पोहोचलेला एक मुलगा असतो. ते पदक त्या घराचेही असते.

फळाची अपेक्षा न धरता कर्म करावे, असे गीता सांगते. ते आचरणे जवानाचे काम झाले. पण त्याचे मोल जाणणे हे समाजाचे काम आहे, आणि ते आपण त्याच्यावर ढकलू शकत नाही. म्हणून येथून जाताना एवढा एकच संकल्प करू या. येत्या प्रजासत्ताक दिनी आपल्या सोसायटीच्या वा कारखान्याच्या फाटकावर उभ्या असलेल्या त्या माजी सैनिकाजवळ आपल्या मुलाला घेऊन जा. किती मारले, हे विचारू नका. "काका, ही फीत कशाची?" एवढेच विचारा आणि तो सांगेल ते उभे राहून ऐका.

भारत माता की जय!