काचबिंदू आणि तरुण नेत्रतज्ज्ञ



मोतीबिंदू माणसाला डॉक्टरांच्या दारी आणतो. काचबिंदू आणत नाही. बहुतेकांच्या बाबतीत डोळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचे अक्षरही स्वच्छ दिसत राहते, आणि दृष्टीचे क्षेत्र मात्र कडेकडून आक्रसत जाते. भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना हा विकार असावा, असा अंदाज २०१० साली मांडला गेला. दक्षिण भारतातील पाहण्यांत ज्यांना काचबिंदू आढळला, त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना त्याची कल्पनाच नव्हती. हे सारे डॉक्टरांपर्यंत न पोहोचलेले लोक होते, असे मानून समाधान करून घेता येणार नाही. चष्म्याचा नंबर काढून घरी परतलेलेही त्यांत होते.

काचबिंदूच्या उपचारांचे भवितव्य म्हटले की चर्चा यंत्रांकडे वळते. यंत्रे हवीतच. भ्रमणध्वनीला जोडलेल्या कॅमेऱ्याने डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि संगणकाने संशयित निवडावेत, हे आता स्वप्न उरलेले नाही. पण निवडलेला रुग्ण अखेर कोणा तरी नेत्रतज्ज्ञासमोरच येऊन बसणार. त्या नेत्रतज्ज्ञाने केवळ दाबाच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे होय. दाब ‘नॉर्मल’ असतानाही काचबिंदू असू शकतो. पारपटल पातळ असेल तर आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो. म्हणून बाहुली मोठी करून मज्जातंतूची ‘डिस्क’ पाहणे याला पर्याय नाही.

त्याहून अधिक उपेक्षा होते ती गोनिओस्कोपीची. डोळ्यातील द्रव जिथून बाहेर पडतो तो कोन उघडा की बंद, हे भिंगातून पाहिल्याखेरीज कळत नाही. आशियात बंद कोनाच्या काचबिंदूचे प्रमाण युरोपपेक्षा अधिक असताना कोन न पाहताच ‘उघड्या कोनाचा’ असा शेरा कागदावर उमटतो. हा निव्वळ तर्क झाला. भिंग खोक्यात ठेवून हात तयार होत नाही. निरोगी डोळ्यांचे कोन रोज पाहावेत, तेव्हा कुठे बिघडलेला ओळखू येतो. उलट टोकही टाळलेले बरे. कोन अरुंद दिसला की बुबुळाच्या रंगीत पडद्याला लेसरने छिद्र पाडण्याची घाई अनेकांना होते. चीनमधील ग्वांगचौ येथील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कोन अरुंद पण अन्यथा निरोगी अशा, छिद्र न पाडलेल्या डोळ्यांतही सहा वर्षांत तीव्र झटके विरळाच आढळले.

ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्षही त्याच वर्षी आले. तीत प्रारंभी लेसर उपचार मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षे थेंबांची गरज पडली नाही. दरमहा बाटलीसाठी तालुक्याला जावे लागणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ केवढा मोठा! मदुराईच्या ऑरोलॅबने द्रव वाहून नेणारी नळी परदेशी नळीच्या मानाने अल्प किमतीत उपलब्ध केली, हेही इथे नोंदवावेसे आहे.

एक संकट मात्र औषधातूनच येते. डोळे चोळणाऱ्या ॲलर्जीच्या मुलांसाठी स्टेरॉइडचे थेंब लिहून दिले जातात. आराम पडतो, आणि घरचे लोक तीच बाटली दुकानातून महिनोन् महिने आणत राहतात. त्या दाबाने मुलाची दृष्टी गेली तर ती परत येत नाही. चिठ्ठीवर औषध बंद करण्याची तारीख ठळक लिहिणे हे डॉक्टरांचेच काम.

मोतीबिंदूचा रुग्ण पट्टी काढताच हसतो. काचबिंदूच्या रुग्णाला उपचाराचा लाभ दिसतच नाही, म्हणून तो थेंब सोडतो. गेलेली नजर परतणार नाही, उरलेली राखायची आहे, हे त्याला त्याच्या भाषेत, पहिल्याच भेटीत सांगावे. थेंब समोर घालून दाखवायला लावावे. कित्येकांचा थेंब गालावर पडतो आणि औषध लागू पडत नाही असा समज होतो. सख्ख्या भावंडांना धोका अधिक असतो. तेव्हा केसपेपरवर त्यांच्या नावांसाठी एक ओळ मोकळी ठेवावी, आणि पुढच्या भेटीत ती भरली आहे का ते पाहावे.