श्वास मोजणाऱ्या आशाताई

मी कविता लिहितो, म्हणजे मात्रा मोजतो. आमच्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरच्या आशाताई त्याहून अवघड मोजणी करतात. नवजात बाळाच्या छातीवर नजर ठेवून त्या पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. ६० किंवा अधिक भरले तर पुन्हा मोजतात. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले, तर बाळाला दवाखान्यात न्यायचे.

या शिकवणुकीचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना तयार केले. इतर गावांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. निरक्षर सुइणींसाठी त्यांनी मण्यांचे साधन केले होते. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळूच्या घड्याळातले मिनिट संपण्याआधी तांबड्या मण्यावर आलो, की धोका. तसबीह असो वा जपमाळ, मणी ओढणे आपल्या आयाबायांच्या बोटांना ठाऊकच असते. माणसाला जे येते, तिथून शिकवायला सुरुवात झाली.

२०११मध्ये ही गृहभेटींची पद्धत देशभरातल्या आशांकडे आली. बाळंतपण दवाखान्यात झाले, तर ४२ दिवसांत ६ भेटी. त्या पूर्ण केल्यावर २५० रुपये, असे तेव्हा ठरले.

पण आपल्याकडे दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. ओली बाळंतीणही जाते. चौदाव्या दिवशी आशाताई वाडीवर चढून येते, तर झोपडी बंद. बाळ कुठल्या भट्टीवर आहे? तिथली आशा कोण? भट्टीच्या मुकादमाशी बोलायचे कसे? श्वास मोजायला शिकलेल्या बाईला याचीही तयारी लागते.

म्हणून वाटते, दिवाळीआधी प्रशिक्षणाचा एक दिवस यासाठी ठेवावा. वाडीची आशा आणि भट्टीच्या गावची आशा यांना शेजारी बसवावे. कुणाकडे बाळंतपण झाले, कोण कुठे जाणार, याची यादी आणि फोन नंबर एकमेकींना द्यावेत. मुकादमाशी बोलण्याचा सराव करून घ्यावा. कातकरी बाई दुखणे कोणत्या शब्दांत सांगते, ते शिकवायला त्या वाडीतलीच एखादी जाणती बाई बोलवावी, आणि शिकवणारी म्हणून तिला मानधनही द्यावे.

बाळ भट्टीवर गेले तरी त्याच्या भेटींचे दिवस तेच राहतात. ते दिवस पाळणारे कुणीतरी तिथे हवे.