एका दिवसाची भाकर

येशूनें आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तींत अन्नाविषयीं एकच मागणी आहे आणि तीहि एका दिवसापुरती. वर्षभराचें धान्य, म्हातारपणाची तरतूद, मुलाबाळांची सोय यांपैकीं कशाचाहि तींत उल्लेख नाहीं. आज पोटाला लागेल तेवढी भाकर मिळावी, एवढेंच मागणें. जगांतील कोट्यवधि ख्रिस्ती माणसें ही प्रार्थना म्हणतात. त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं महिन्याचें वाणसामान भरलेलें असतें, बँकेंत थोडी शिल्लक असते, विम्याचा हप्ता वेळेवर जात असतो. अशा घरांत या मागणीला काय अर्थ उरला, असें कोणी विचारल्यास त्याला उद्धट म्हणतां येणार नाहीं.

त्याच धर्मग्रंथांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें आढळतात. मिसर देशांतून सुटून आलेल्या इस्राएल लोकांना अरण्यांत सकाळीं मान्ना मिळत असे. ज्यांनीं उद्यांच्या भीतीनें तो रात्रभर ठेवून दिला, त्यांच्या मान्न्यांत सकाळीं किडे पडलेले होते. पण त्याच मिसर देशांत, कित्येक पिढ्या आधीं, योसेफानें सुकाळाच्या सात वर्षांत धान्याचीं कोठारें भरून ठेवलीं आणि पुढील सात वर्षांच्या दुष्काळांत देश जगला. सांठविणें हें एका ठिकाणीं अविश्वासाचें लक्षण ठरलें, दुसऱ्या ठिकाणीं शहाणपणाचें. मान्ना लपविणाऱ्याचें लक्ष स्वतःच्या भांड्यावर होतें; योसेफाचें लक्ष उद्यां दाराशीं येणाऱ्या भुकेल्यांकडे होतें.

देवावर भरंवसा ठेवणें म्हणजे हातपाय न हालवितां बसून राहणें, अशी एक समजूत आहे. दुसरी समजूत अधिक सूक्ष्म आणि म्हणूनच अधिक धोक्याची. तिच्या मतें भक्ति हा एक व्यवहार आहे. इतकी उपासना केली, इतकें दान दिलें, कीं संकट टळलेंच पाहिजे. ही समजूत कोणत्याहि एका धर्माची मिरास नाहीं. ती देवळांत सांपडते तशी चर्चमध्यें आणि मशिदींतहि सांपडते. या दोन्ही समजुतींची कसोटी ज्यांच्या आयुष्यांत लागली, अशांमध्यें महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंचें नांव प्रथम घ्यावें लागेल.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान आणि तितकेच भाविक. तीर्थयात्रा व दानधर्म यांत घरचें द्रव्य संपलें. १८७० नंतरच्या दशकांतील दुष्काळांत हें कुटुंब दक्षिणेंत अन्नान्न करीत फिरलें. मोलमजुरीची संवय नाहीं, भीक मागण्याची लाज, आणि देवानें आतां तरी पावावें म्हणून चाललेलीं व्रतें. आधीं वडील गेले, मग थोड्याच आठवड्यांत आई, मग थोरली बहीण. उरलीं रमाबाई आणि थोरला भाऊ श्रीनिवास. त्या दोघांनीं हजारों मैल पायीं तुडविले. झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनीं वाळूंत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून घेऊन रात्री काढल्या. १८८० मध्यें भाऊ गेला. १८८२ मध्यें पति बिपिनबिहारी मेधावी गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षीं पदरीं एक तान्ही मुलगी राहिली. भक्ति हा व्यवहारच असता, तर देवाकडून या बाईंचें येणें फार मोठें होतें.

१८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु त्या वेळीं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळावयास आणखी सुमारें आठ वर्षें लागलीं, अशा आशयाचें त्यांनीं आपल्या आत्मनिवेदनांत नमूद केलें आहे. हा कबुलीजबाब मोलाचा आहे. एखादें मत बुद्धीला पटणें एका दिवसांत घडूं शकतें. त्या मतावर आयुष्याचा भार टाकणें ही गोष्ट वर्षांनीं मोजावी लागते. शिवाय तीं वर्षें स्वस्थतेचीं नव्हतीं. १८८९ मध्यें मुंबईंत शारदासदन निघालें, पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आलें आणि १८९३ मध्यें धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठें वादळ उठलें. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. पालकांनीं मुली काढून नेल्या.

खरी परीक्षा यानंतरची. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतांत दुष्काळ पडला. ज्या भुकेनें आपले आईबाप नेले, तीच भूक दुसऱ्यांच्या लेकींना गिळीत आहे, हें रमाबाईंना पाहवलें नाहीं. त्या स्वतः तेथें गेल्या आणि शेंकडों निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यांत प्लेग शिरला होता. एवढीं माणसें शहरांत ठेवण्यास सरकारची परवानगी मिळेना. तेव्हां पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर, केडगांव येथें आधींच घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर बिऱ्हाड हालवावें लागलें. अमेरिकेंतील मंडळानें दिलेलें दहा वर्षांच्या मदतीचें वचनहि १८९८ मध्यें संपत होतें. माणसें वाढत होतीं आणि हमी संपत होती. पुढें १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर मुक्तिसदनांतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

या काळांत रमाबाईंनीं काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं प्रार्थना केली. तिच्यावांचून त्यांचा एक दिवस जात नसे. त्याच हातांनीं त्यांनीं विहिरी खणविल्या, फळझाडें लावलीं, मुलींना विणकाम, शेतकाम व छापखान्याचें काम शिकविलें. आईबापांच्या घरीं श्रमाची लाज होती, मुक्तिसदनांत श्रम हा नित्याचा धर्म होता. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचें चरित्र त्यांनीं वाचलें होतें. म्युलर यांनीं १८३६ मध्यें अनाथगृह उघडलें, पुढें तेथें एका वेळीं दोन हजारांवर मुलें राहूं लागलीं. पैशासाठीं कोणाहि माणसापुढें हात पसरावयाचा नाहीं, हा त्यांचा नियम. पण आलेल्या प्रत्येक पैचा हिशेब ते वार्षिक वृत्तांतांत छापीत. ज्याचा देवावर भरंवसा आहे त्यानें माणसांना चोख हिशेब द्यावा, ही शिकवण त्या वृत्तांतांतून सहज मिळते.

तरीहि एक कांटा राहतोच. केडगांवीं धान्य आलें. आईबापांच्या वेळीं आलें नाहीं. म्हणून भाकर मिळाली तेथें देव होता आणि न मिळाली तेथें नव्हता, असें म्हणावें काय? ख्रिस्ती श्रद्धा या प्रश्नापुढें गेथशेमाने बागेंतील येशू उभा करते. पुढ्यांतलें दुःख टळावें म्हणून त्यानेंहि विनविलें, पण तें टळलें नाहीं. तरी त्यानें आपली इच्छा पित्याच्या इच्छेखालीं ठेवली. रमाबाईंच्या वांट्याला तो पेला उतारवयांत पुन्हा आला. जिच्या हातीं सदनाचा कारभार सोंपवावयाचा, ती एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्यें आईच्या आधींच गेली. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून चालविलेलें बायबलचें मराठी भाषांतर सोडलें नाहीं. १९२२ च्या एप्रिलमध्यें त्यांचा अंत झाला, त्यापूर्वीं तें काम हातावेगळें झालें होतें. संपूर्ण ग्रंथ मागाहून १९२४ मध्यें बाहेर पडला.

एका गोष्टीचा उल्लेख मात्र टाळतां येत नाहीं. एकाच्या भरंवशाची किंमत पुष्कळदां घरांतल्या दुसऱ्याला मोजावी लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ मध्यें मिशनची पगारी चाकरी सोडली आणि देवावर हवाला ठेवून सेवा करण्याचें ठरविलें. कवीच्या अंतःकरणाला शोभणारें असेंच तें पाऊल होतें. परंतु चूल पेटविणें, आल्यागेल्याला वाढणें, उद्यांचा बाजार कशावर होणार याचा मेळ घालणें हें लक्ष्मीबाईंकडे होतें. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला दिसतें, कीं त्यांनीं हा भार हंसत, प्रसंगीं भांडत, पण पाठ न फिरवितां वाहिला. टिळकांनीं अर्धें टाकलेलें 'ख्रिस्तायन' पुढें नेण्याचें कामहि पतीच्या पश्चात् त्यांनींच केलें. घरधन्याचा विश्वास बोलका असतो. गृहिणीचा विश्वास पुष्कळदां पिठाच्या डब्याच्या तळाशीं असतो. देवावर भार टाकतांना तो नकळत दुसऱ्याच कोणाच्या खांद्यावर तर पडत नाहीं ना, हें प्रत्येक भाविकानें तपासून पाहिलें पाहिजे.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळतां येतें. भरल्या घरांत एका दिवसाची भाकर मागण्याला अर्थ काय? त्याचें उत्तर त्या प्रार्थनेच्या व्याकरणांतच आहे. ती प्रार्थना एकवचनी नाहीं. तींत कोणी स्वतःसाठीं मागत नाहीं, सर्वांसाठीं मागतो. ज्याचा डबा भरलेला आहे, तो ज्याचा डबा रिकामा आहे त्याच्या तर्फेनेंहि तीच भाकर मागत असतो. आणि अशी मागणी केल्यानंतर, आपल्या घरीं जादा असलेली भाकर ही बहुधा कोणाच्या तरी मागणीचें उत्तर आहे, हें त्याला कळून चुकतें. रमाबाई १८९६ मध्यें मध्य प्रांतांत गेल्या, त्या वेळीं तेथील कोणा मुलीनें आईच्या मांडीवर अशीच कांहीं भाकर मागितली असेल. तिला ती केडगांवीं मिळाली.