दगडाला नाव देण्यापूर्वी
(विज्ञान मेळाव्यात दिलेले भाषण)



दगडांविषयी शिकायला नागपूरकरांना लांब जावे लागत नाही. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या खडकाची आहे. रामटेकच्या वाटेला लागलात, की मनसर-कांद्रीच्या परिसरात त्याहून कितीतरी जुने, उष्णतेने व दाबाने रूप पालटलेले खडक भेटतात. मँगॅनीजच्या खाणी याच खडकांत आहेत.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील एल. एल. फर्मर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे साठे तपासले. १९०९ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. गार्नेट व क्वॉर्ट्‌झ यांच्या येथील खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. रामटेक तालुक्यातील काचुरवाही येथे त्यांना एक दुर्मिळ सिलिकेट खनिज मिळाले. त्याचे नाव त्यांनी ज्येष्ठ भूवैज्ञानिक डब्ल्यू. टी. ब्लँफर्ड यांच्यावरून ‘ब्लँफर्डाइट’ ठेवले.

असे खनिज तुमच्या हाती आले तर ते कसे ओळखाल? प्रथम माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सहलीत एका विद्यार्थिनीने गुलाबी दगड आणून दाखविला. मी रंग पाहूनच म्हणालो, “हे ऱ्होडोनाइट, मँगॅनीजचे सिलिकेट.” ती म्हणाली, “सर, यावर चाकूने सहज ओरखडा पडतो.” ऱ्होडोनाइट चाकूला सहसा दाद देत नाही. शाळेत येऊन विरल आम्लाचा थेंब टाकला, तर बुडबुडे आले. तो दगड कार्बोनेट निघाला. चिठ्ठीवरचे नाव मी सर्वांसमोर खोडले. रंग हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे, हे त्या मुलीने मला शिकविले.

म्हणून क्रम ध्यानात ठेवा. मँगॅनीजच्या प्रदेशात सगळ्यावरच काळी पुटे चढतात. तेव्हा हातोडीने ताजा पृष्ठभाग काढा. डोळ्यांना चष्मा लावायला विसरू नका. मग काठिण्य पाहा. बोटांना काळे लागत असेल तर पायरोल्युसाइटसारखे मऊ ऑक्साइड असण्याचा संभव आहे. ब्राउनाइट चाकूला हार जात नाही. ते दिसायला धातुक, पण त्यातही सुमारे १० टक्के सिलिका असते! बिनझिलईच्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासून कस पाहा. त्यानंतर भिंगाने पाटन, म्हणजे खनिज ज्या सपाट पातळ्यांवर फुटते त्या, तपासा. गार्नेटला पाटन नसते. पायरॉक्सीन गटात दोन पाटने जवळजवळ काटकोनात, सुमारे ८७ अंशांत भेटतात. अँफिबोल गटात तो कोन सुमारे ५६ अंशांचा असतो. ब्लँफर्डाइट पायरॉक्सीन गटातले आहे.

त्याची खरी खूण मात्र सूक्ष्मदर्शकाखाली पटते. पातळ काप ध्रुवित प्रकाशात फिरविला, की तेच खनिज एका दिशेने गुलाबी, दुसऱ्या दिशेने जांभळट, तर तिसऱ्या दिशेने निळे दिसते. खाणीच्या काठावर उभे राहून आपण एवढेच म्हणू शकतो, “पायरॉक्सीन वाटते, तपासणीस योग्य.” असे म्हणण्यात कमीपणा नाही.

आता पुढची हकीकत ऐका. १९८८ साली आंतरराष्ट्रीय समितीने पायरॉक्सीनांची नवी नामावली केली, तेव्हा ‘ब्लँफर्डाइट’ हे स्वतंत्र नाव वगळले. ते एजिरीन-ऑजाइट या खनिजाचा मँगॅनीजयुक्त प्रकार ठरले. म्हणजे फर्मर यांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांनी टिपलेले रंग आणि नमुन्याचे ठिकाण आजही उपयोगी पडते. नाव बदलले, नोंद राहिली.

आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटातही नमुने आहेत. त्यांतील किती दगडांवर गावाचे नाव आहे? “ऱ्होडोनाइट” एवढेच लिहिलेला दगड सुंदर दिसेल, पण त्याचा माग काढता येणार नाही. तेव्हा प्रत्येक नमुन्यासोबत गाव, नेमकी जागा, तारीख, शेजारचा खडक आणि केलेल्या चाचण्या लिहा. नाव सर्वांत शेवटी, तेही पेन्सिलीने! खात्री नसेल तर “अनिश्चित” लिहा. चालू अथवा बंद खाणीत मात्र लेखी परवानगी व शिक्षक यांच्याशिवाय पाऊल टाकू नका.

वाचकहो, परीक्षेत “माहीत नाही” याला गुण मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आपली मुले उत्तर ठोकून देण्याची सवय लावून घेतात. दगडापुढे ती सवय चालत नाही. आपल्या मुलाने एखादा दगड घरी आणला तर तो फेकून देऊ नका, “कुठे सापडला?” एवढे अवश्य विचारा. शास्त्राचा पहिला धडा त्या प्रश्नात आहे.