पाठ्यपुस्तकातून गाळलेला भाग



मराठीच्या अध्यापकाने उत्क्रांतिवादावर बोलावे, हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु माझा विषय जीवशास्त्र नसून पाठ्यपुस्तक हा आहे; ग्रंथालयाच्या व्यासपीठावर तो अस्थानी ठरू नये.

१९२५ साली अमेरिकेतील टेनेसी राज्याने, बायबलमधील मानवनिर्मितीची कथा नाकारून मनुष्य खालच्या श्रेणीच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे शिकवण्यास सरकारी शाळांत बंदी केली. त्याच वर्षी डेटन या लहानशा गावी जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला भरला गेला. गंमत अशी, की ज्या पुस्तकावरून शिकवल्याचा आरोप होता, ते जॉर्ज हंटर यांचे पुस्तक राज्यानेच नेमलेले होते; आणि गावात ते विकणारा औषधविक्रेता तेथील शाळा-मंडळाचाच अध्यक्ष होता!

फिर्यादी पक्षाच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले, बचावासाठी क्लॅरेन्स डॅरो. ब्रायन यांचे हसे करण्याची प्रथाच पडली आहे. मला ती न्याय्य वाटत नाही. तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या या सामान्यजनांच्या कैवाऱ्याला, डार्विनच्या नावाने ‘बळी तो कान पिळी’ हाच समाजाचा नियम होईल, अशी धास्ती होती. हंटर यांच्या त्याच पुस्तकात मानववंशांची उच्चनीच उतरंड लावलेली होती. तेव्हा ती धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. उपाय मात्र चुकीचा होता. डॅरो यांनी उलटतपासणीत खोदून विचारले, तेव्हा सृष्टिनिर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हे ब्रायन यांनीही मान्य केले. श्रद्धावंतही आपल्या ग्रंथाचा अर्थ लावीतच असतो.

स्कोप्स यांना १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये तांत्रिक कारणावरून ती शिक्षा रद्द झाली. कायदा १९६७ पर्यंत टिकला. परंतु खरी हानी न्यायालयाबाहेर झाली. १९२६ साली हंटर यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, तीतून उत्क्रांतीचे उघड विवेचन निघून गेले होते. त्यासाठी कोणावर खटला भरावा लागला नाही.

आपल्याकडे असा संघर्ष झाला नाही. उत्क्रांती दशावतारांतच आहे, असे म्हणून आपण वाद मिटवतो. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम मोहक खरा. पण कूर्म हा मत्स्याचा वंशज नव्हे, दोन्ही एकाच विष्णूचे अवतार. कथेला विज्ञानाची साक्षीदार केली, की कथाही दुबळी होते आणि विज्ञानही.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. कारण श्रद्धेचे नव्हे, अभ्यासाचा भार कमी करण्याचे दिले गेले. १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी पत्र लिहून तो परत घेण्याची मागणी केली. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असे त्यावर सांगण्यात आले. पण जीवशास्त्र न घेता कला वा वाणिज्य शाखेकडे वळणारा विद्यार्थी बारावीचे ते पुस्तक उघडणार केव्हा? माझ्या मराठीच्या वर्गात येणारी मुले बहुतेक याच वाटेने येतात.