कसरत तिची, घर सर्वांचे



नोकरी करणाऱ्या आईविषयी बोलताना ‘तारेवरची कसरत’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की, तो उच्चारला म्हणजे विषय संपला, असेच श्रोत्यांना वाटू लागते. दरवर्षी ८ मार्चला तिचा सत्कार होतो, हाती गुलाबाचे फूल दिले जाते, घर आणि कार्यालय ती कशी लीलया सांभाळते याचे गुणगान होते. त्याच संध्याकाळी ती नेहमीची गाडी पकडते, वाटेत भाजी घेते आणि घरी येऊन कुकर लावते. हे कौतुक खोटे नसते. परंतु ज्या कौतुकाने कौतुक करणाऱ्याच्या वाट्याला घरातील एकही काम येत नाही, ते एकदा तपासून पाहिले पाहिजे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली. माणसे दिवसाचे २४ तास कसे खर्च करतात, हा तिचा विषय होता. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे जातात, असे तीत आढळले. एकीकडे जवळजवळ पाच तास आणि दुसरीकडे दीड तासाहून थोडे अधिक. त्यातही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया १०० पैकी ८१ होत्या आणि पुरुष अवघे २६. म्हणजे ती ९७ मिनिटेही या २६ जणांचीच आहेत. उरलेल्या ७४ जणांच्या नावावर तेवढीही नाहीत. स्त्री अर्थार्जनासाठी घराबाहेर पडली. पण घरातील कामांची वाटणी मात्र ती घरात होती तेव्हा होती, तशीच बव्हंशी राहिली. आजच्या ओढाताणीचे मूळ इथे आहे.

या प्रश्नाचा विचार करताना एक चूक हमखास होते. ‘नोकरी करणारी आई’ असा एकच नमुना डोळ्यांपुढे ठेवून उपाय सुचवले जातात. वास्तविक प्रत्येक व्यवसाय आईच्या दिवसातील निराळा तास नेतो. कोणता तास जातो हे आधी ओळखले, तरच तो कोणी भरून काढावा हे ठरवता येते.

शिक्षिकेचे उदाहरण घ्या. ‘अर्धा दिवस काम आणि उन्हाळ्याची सुट्टी’ म्हणून ही नोकरी स्त्रियांसाठी सोयीची मानली गेली. सासरची मंडळीही ती आनंदाने मान्य करतात. परंतु उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येतात, निवडणुकीचे आणि जनगणनेचे काम अंगावर पडते आणि स्वतःच्या मुलाची परीक्षा नेमकी शाळेतील परीक्षांच्या दिवसांतच येते. शंभर मुलांच्या अभ्यासाची काळजी वाहणाऱ्या या आईला स्वतःच्या मुलाशेजारी बसायला त्याच आठवड्यात सवड नसते. बँकेतील अधिकारी स्त्रीचा मार्च महिना हिशेबपूर्तीत जातो आणि पदोन्नतीबरोबर बदली येते. बदलीचा आदेश हाती पडताच घरात पहिला प्रश्न निघतो तो मुलांच्या शाळेचा. अनेक कर्तबगार स्त्रिया त्या क्षणी पदोन्नतीच नाकारतात. घर त्याला त्याग म्हणते आणि विसरून जाते. हाच आदेश पतीच्या नावाने आला असता, तर त्याच घराने पेढे वाटले असते.

रुग्णालयातील परिचारिकेची रात्र जाते. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या आईने झोपावे की मुलाचा डबा भरावा, याचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले असते. ती डबा भरते, त्याला शाळेत सोडते, स्वयंपाक आटोपते आणि दुपारी दाराची घंटा वाजेपर्यंत जेमतेम डोळा लागतो. महिला पोलिसाचे गणित याहून अवघड. बंदोबस्त सणासुदीलाच अधिक असतो. सारे शहर गणपतीपुढे उभे असते, तेव्हा तिच्या घरची आरती तिच्यावाचून होते. राज्यात २०२२ च्या जानेवारीत महिला पोलिसांसाठी १२ तासांऐवजी आठ तासांची पाळी ठेवण्याचा आदेश निघाला, त्यामागे हीच जाणीव होती. चार तास कमी झाले म्हणजे काय होते, हे ज्या मुलाला आई जागेपणी भेटू लागली, त्याला विचारावे.

संगणक क्षेत्रातील तरुण आईचा प्रश्न वेगळा. वेतन उत्तम, पण परदेशी ग्राहकाची सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. मुलाने शाळेतील गोष्ट सांगायची आणि देवापुढे दिवा लावायची जी वेळ, तीच बैठकीची वेळ. २०२० च्या महासाथीनंतर पुष्कळ घरांत कार्यालयच घरी आले. प्रवास वाचला हे खरे. पण आई डोळ्यांसमोर आहे म्हणजे ती मोकळी आहे, अशी लहानांची आणि मोठ्यांचीही समजूत झाली.

ही समजूत जुनीच आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. त्यातून उभे राहिलेले ‘लिज्जत’चे कार्य आज सर्वांना ठाऊक आहे. त्यातील कल्पकता अशी की, भगिनींनी सकाळी केंद्रावरून भिजवलेले पीठ घरी न्यायचे, सवडीने पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी ते देऊन मजुरी घ्यायची. पाळण्याला झोका देता देता मिळवता येणारा हा पैसा हजारो घरांना आधार देऊन गेला. तथापि, घरी बसून केलेल्या श्रमाला शेजारपाजारी ‘काम’ म्हणत नाहीत. लाटणे हातात असलेल्या आईला चहा सांगितला जातो. कार्यालयातील टेबलाशी बसलेल्या पुरुषाला तो कोणी करायला सांगत नाही.

मध्यमवर्गाच्या चर्चेत न येणाऱ्या माताही आहेत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आलेली ‘आशा’ सरकारदरबारी स्वयंसेविका गणली गेली. तिचा मोबदला बराचसा कामागणिक ठरतो. परंतु बाळंतीण अडली म्हणजे रात्री दोनला तिचेच दार वाजते. दुसरीच्या मुलाच्या जन्मासाठी ती निघते, तेव्हा तिचे स्वतःचे मूल अंथरुणात एकटे असते. अंगणवाडी सेविका गावच्या बालकांना खाऊ घालते, तिच्या घरची चूल मात्र दुपारनंतर पेटते.

आणि ऊसतोडणीला जाणारी आई? बीड आणि परिसरातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. पहाटेच्या थंडीत मूल फडाच्या कडेला ठेवून आई मोळ्या वाहते. पाचसहा महिने मुलांची शाळा सुटते, किंवा साखरशाळा असेल तर तेवढी मिळते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्यापुढे ‘समतोल’ हा शब्दच थिटा पडतो. एका बाजूला खाडा आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे शरीर ठेवून जिला निवड करावी लागते, तिला वेळेच्या नियोजनाचे धडे कोणी द्यावेत?

उपाय नाहीत असे नाही. या महाराष्ट्रातच ते शोधले गेले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले आणि अनुताई वाघ त्यात सामील झाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा या दोघींनी पालकांना दोष दिला नाही. शाळाच वस्तीतील अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना रुजली. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसते, कारण आई मजुरीला गेलेली असते, हे त्यांनी पाहिले आणि शाळेला पाळणाघर जोडले. आई, ताई आणि तान्हे मूल या तिघांची सोय एकाच विचाराने झाली. पुढे १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच मजूर मातांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. आईला कामावरून हलवता येत नसेल, तर मुलाची सोय कामाजवळ न्यावी, हे साधे सूत्र या दोन्ही प्रयत्नांत आहे.

कायद्यानेही काही पावले टाकली. १९६१ च्या कायद्याने नोकरदार मातेला १२ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा ही तरतूदही त्यातच आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी पुढे चालू राहिल्या. केंद्र सरकारने २००८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना साऱ्या सेवाकाळात मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा देऊ केली. परंतु शेतमजूर, घरकामगार आणि ऊसतोड स्त्रिया या चौकटीबाहेरच राहतात. त्यांच्यासाठी मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये आहेत. एकीला सहा महिन्यांचे वेतन आणि दुसरीला पाच हजार. दोघींच्या बाळांना लागणारे दूध मात्र सारखेच असते.

केंद्र सरकारच्या नोकरीत पित्याला १५ दिवसांची रजा आहे. मूल आईचे आणि मदत बापाची, हीच समजूत कायद्याच्या आकड्यांतही उतरली आहे. म्हणून कायद्याची वाट पाहत न बसता जे आजच करता येईल, ते घरात करावयाचे आहे.

पहिली गोष्ट, ‘मदत’ हा शब्द घरातून जावा. आपल्याच घरात कोणी मदत करीत नसते; आपला वाटा उचलत असते. आईची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात सकाळचा डबा वडिलांचा, हे महिन्याच्या आरंभीच ठरावे. मार्चमध्ये मुलाच्या अभ्यासाला कोणी बसायचे, हे फेब्रुवारीत ठरावे. ऐन वेळी सांगावे लागले, की काम होते. पण लक्षात ठेवण्याचे ओझे तिच्याच डोक्यावर राहते.

दुसरी गोष्ट, आजी-आजोबांची. ज्या घरात सासूबाई नातवंडे सांभाळतात, तिथे सूनबाई निश्चिंत मनाने कामावर जाते. एकत्र कुटुंबाचे हे बळ मोठे आहे. परंतु जिने उमेदीची सारी वर्षे चुलीपाशी घालवली, तिला साठीनंतर बिनपगारी पाळणाघर समजणे हा अन्याय आहे. तिची भजनाची वेळ आणि दुपारची विश्रांती घराने जपली पाहिजे.

तिसरी गोष्ट, संस्कारांची. मुलाला स्तोत्रे पाठ असावीत, तशी त्याला आपले ताट उचलून घासता यावे, भाताचे पाणी किती हे कळावे. मुलीला स्वावलंबन शिकवणारी आई मुलाला परावलंबी वाढवीत असेल, तर पुढच्या पिढीतील एका नोकरदार सुनेचे पाच तास ती आजच खर्ची घालत आहे.

चौथी गोष्ट, आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाईही नोकरी करणारी आईच आहे. तिचे मूल आजारी असते, त्या दिवसाचा पगार कापणाऱ्या घराला मातृत्वाच्या गौरवावर बोलण्याचा अधिकार उरत नाही.

आणि शेवटची गोष्ट सामाजिक कार्य करणाऱ्या बंधूंसाठी. संध्याकाळी साडेसहाला बैठक ठरते. कार्यकर्ता वेळेवर पोहोचतो. तो वेळेवर पोहोचतो, कारण त्याच वेळी कोणीतरी कामावरून येऊन मुलांना खायला देत असते. रविवारचा कार्यक्रम पार पडतो, कारण आठवड्याची तुंबलेली घरकामे कोणीतरी त्याच रविवारी उपसत असते. समाजासाठी वेळ देणाऱ्याचे नाव पत्रिकेत छापले जाते. तो वेळ जिच्या दिवसातून आलेला असतो, तिचे नाव तिथे नसते. कार्य थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु बैठकीची वेळ ठरवण्यापूर्वी कार्यकर्त्याने आपल्या घरी एकदा विचारावे. आठवड्यातील एक संध्याकाळ घर त्याने सांभाळावे आणि तिने आपल्या मनाजोगत्या कामाला, वाचनाला, मैत्रिणीकडे किंवा नुसते स्वस्थ बसायला जावे. समाज घरांचाच बनलेला आहे. घरातील एक माणूस सतत थकलेले ठेवून बलवान समाज उभा राहत नाही.

तेव्हा पुढच्या ८ मार्चला फूल अवश्य द्यावे. त्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा : आईचा कोणता तास तिच्या कामात जातो, आणि आपल्यापैकी कोण तो भरून काढणार? उत्तर देणाऱ्याचे नाव स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवसापासून ते पाळावे.