आपोआप बदलणारा गिअर व त्याची निगा



गिअरबॉक्स ही वस्तु भंडारा जिल्ह्याला परकी नाहीं. गडेगांव येथील अशोक लेलँडच्या कारखान्यांत मोटारींचे गिअरबॉक्स तयार होतात. परंतु क्लच दाबून हातानें बदलावयाच्या गिअरचीच आपल्या चालकांना संवय आहे. आतां कांहीं डिझेल पिकअप गाड्यांत आपोआप गिअर बदलणारी पेटी येऊं लागली आहे. २०२२ सालीं भारतांत आलेल्या टोयोटाच्या हायलक्स गाडींत अशी सहा गतींची पेटी मिळते. ही पेटी दीर्घकाळ कशी टिकेल, हें आज पाहावयाचें आहे.

विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. या पेटींत क्लचच्या जागीं अशीच योजना असते. मात्र वाऱ्याऐवजीं तेल असतें. हर्मन फटिंगर या जर्मन इंजिनिअरानें १९०५ सालीं जहाजांसाठीं हिचें पेटंट घेतलें. एक चक्र इंजिनाबरोबर फिरतें, दुसरें गाडीच्या चाकांकडे शक्ति पोंचवितें. दोहोंच्या वेगांत जितकी तफावत, तितकी उष्णता तेलांत उत्पन्न होते.

नागपूर-रायपूर महामार्गावर गाडी एका वेगानें जात असतां हीं चक्रें एकमेकांस जखडलीं जातात व तेल फारसें तापत नाहीं. पण रोवणीच्या दिवसांत खतांच्या पोत्यांनीं भरलेली गाडी बांधीच्या चिखलांत रुतली, आणि चालकानें पाय दाबून धरला, म्हणजे काय होतें? इंजिन गरजतें, चाक हलत नाहीं, व सारी शक्ति तेल तापविण्यांत खर्च होते. जळलेलें तेल आंतील क्लचच्या चकत्यांना नीट धरूं शकत नाहीं. चकत्या घसरतात, घसरल्यानें आणखी तापतात, आणि पेटीचा नाश ओढवतो.

म्हणून गाडी रुतली कीं प्रथम पोतीं उतरवावीं, चाकाखालीं फळी किंवा पराटी घालावी, व मगच हळूहळू गाडी काढावी. मागें-पुढें करतांना गाडी पूर्ण थांबल्यावांचून दांडा हलवूं नये. उतारावर उभी करतांना आधीं हातब्रेक ओढावा, नंतर दांडा 'पी'वर न्यावा. बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला बांधून लांब ओढीत नेऊं नये. इंजिन बंद असतां पेटींतील तेलाचा पंपही बंद असतो व आंतील भाग कोरडे झिजतात. ती दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी.

तेल कंपनीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच घालावें. कित्येक नव्या गाड्यांना तें मोजण्याची पट्टी नसते; ठराविक उष्णतेला बूच काढून पातळी पाहावी लागते. हें काम जाणत्या कारागिराचें. तेल काळवंडलें असेल, जळका वास येत असेल, तर विलंब करूं नये. 'हें तेल जन्मभर पुरतें' या बोलण्यावर विसंबूं नये; जड ओझें, चिखल व वैशाखाचें ऊन यांत राबणाऱ्या गाडीचें तेल लवकर बदलावें लागतें.

तेलाचा खर्च खिशाला जाणवतो, हें खरें. परंतु धान तुमसरच्या बाजारांत न्यावयाच्या ऐन हंगामांत गाडी कारखान्यांत पडून राहिली, तर होणारें नुकसान त्याहून कितीतरी मोठें असतें.